झाकायचं काय आणि बोलायचं काय?



मोबाइल हातात आल्यापासून आपल्या घरांत दोन वाक्यं सारखी ऐकू येतात. एक, "माझा फोटो, माझा नंबर ग्रुपवर कुणी टाकला?" आणि दुसरं, "का, आम्हाला बोलायचं स्वातंत्र्य नाही का?" गंमत अशी की ही दोन्ही वाक्यं एकच माणूस बोलतो. स्वतःच्या मुलीचा विषय निघाला की पहिलं, शेजारच्याच्या मुलीचा निघाला की दुसरं.

खासगीपणा आणि बोलण्याचं स्वातंत्र्य हा विषय दिल्ली-मुंबईच्या वकिलांचा आहे असं वाटतं. पण आमच्या देवगाव रंगारीसारख्या कन्नड तालुक्यातल्या गावात तो रोज स्वयंपाकघरापर्यंत येतो. म्हणून आज त्यावर लिहिते आहे. माझं मत आधीच सांगून टाकते: हे दोन हक्क एकमेकांचे वैरी नाहीत. दोन्ही हक्क ज्याच्या हातात काही नाही अशा माणसासाठी आहेत. भांडण लागतं ते ज्याच्या हातात सत्ता आहे किंवा ज्याच्यामागे गर्दी आहे त्यानं हे हक्क उसने घेतले की.

बायोडाटा नावाचा कागद

सुरुवात घरापासून करू. आपल्या समाजात वधू-वर परिचय मेळावे होतात, त्यांची पुस्तिका निघते. पूर्वी ती छापील असायची, दहा-वीस घरांत जायची आणि वर्षभरात माळ्यावर पडायची. आता तिची पीडीएफ निघते. मुलीचं नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, उंची, रंग, शिक्षण, नोकरीचं ठिकाण, वडिलांचा व्यवसाय, मामाचं गाव, मोबाइल नंबर आणि फोटो, एवढं सगळं एका पानावर. ही फाइल एकदा सुटली की कुणाच्या हातात राहत नाही. आमच्या नात्यातल्या एका मुलीचं लग्न होऊन चार वर्षं झाली, पदरात एक लेकरू आहे, तरी अजून तिच्या आईला "स्थळ बघताय का?" म्हणून फोन येतात. त्यातले काही फोन स्थळाचे नसतातच. नाव, जन्मतारीख आणि वडिलांचा धंदा ठाऊक असलेला माणूस बँकेतून बोलतोय असं म्हणाला, तर घरातलं वडीलधारं माणूस पटकन विश्वास ठेवतं.

यात कुणाचा हेतू वाईट नव्हता. सगळ्यांना मुलीचं भलंच करायचं होतं. पण त्या मुलीला कुणी विचारलं होतं का, की तुझा हा कागद किती दिवस, कुणाकुणाकडे राहू दे?

दशलक्षण पर्वात आपण तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय ऐकतो. सातव्या दिवशी व्रतांचा अध्याय येतो. तिथे सत्य अणुव्रताला कशाकशानं डाग लागतो ते सांगितलं आहे. मला नेहमी नवल वाटतं की त्यात 'रहोभ्याख्यान' आहे, म्हणजे पती-पत्नींमधली किंवा कुणाचीही एकांतातली गोष्ट चारचौघांत उघड करणं. त्यातच 'साकारमंत्रभेद' आहे, म्हणजे कुणाच्या चेहऱ्यावरून, हावभावांवरून मनातलं ओळखायचं आणि मत्सरापोटी ते दुसऱ्याला सांगायचं. नीट बघा, या दोन्हींत सांगितलेली गोष्ट खरी असू शकते. तरीही सत्याच्या व्रताला डाग लागतो. "मी खोटं कुठे बोलले? जे खरं तेच सांगितलं," ही आपली नेहमीची ढाल तिथे चालत नाही.

त्याच यादीत 'न्यासापहार' आहे, कुणी विश्वासानं आपल्याजवळ ठेवलेली ठेव बुडवणं. जुन्या काळी ती सोन्याची, पैशांची असे. आज मुलीचा बायोडाटा हीसुद्धा ठेवच आहे असं मला वाटतं.

याच यादीत आणखी काय नाही, तेही बघा. कारभार करणाऱ्याला हिशोब विचारणं हा सत्याचा अतिचार आहे असं कुठेही म्हटलेलं नाही. म्हणजे झाकायचं ते माणसाचं घर. कारभार झाकायचा नाही.

पालघरच्या दोन मुली

आता दुसऱ्या वाक्याकडे येऊ, बोलण्याच्या स्वातंत्र्याकडे. त्याची महाराष्ट्रातली सगळ्यात मोठी गोष्ट पालघरची आहे. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे गेले. दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रेला मुंबई बंद होती. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. तिथल्या एका तरुण मुलीनं फेसबुकवर लिहिलं की हा बंद आदरापोटी नाही, भीतीपोटी आहे. तिच्या मैत्रिणीनं त्याला लाइक केलं. एवढंच. शिवी नाही, कुणाला मारा म्हटलेलं नाही. तरी दोघींना अटक झाली आणि मुलीच्या काकांच्या दवाखान्याची जमावानं मोडतोड केली. नंतर जामीन मिळाला, देशभर टीका झाली, पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, खटलाही पुढे बंद झाला. पण त्या दोन दिवसांत त्या घरांवर काय गुदरलं असेल याचा विचार आईच्या जागी बसून करून बघा.

अटक ज्या कलमाखाली झाली ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६ अ. कुणाला त्रास होईल, गैरसोय होईल असं काही ऑनलाइन पाठवलं तर तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, असा त्याचा अर्थ लावता येत होता. आता सांगा, सासूला त्रास होईल असं सुनेनं लिहिलं तर? दुकानदाराला गैरसोय होईल असं गिऱ्हाइकानं लिहिलं तर? अशा कलमात कुणीही सापडेल. कायदा शिकणाऱ्या श्रेया सिंघल या तरुणीनं त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयानं ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. त्या निकालातला एक फरक मला फार उपयोगाचा वाटतो. एखाद्या गोष्टीची चर्चा करणं वेगळं, तिची बाजू घेणं वेगळं आणि लोकांना चिथावणं वेगळं. पहिल्या दोन गोष्टी कुणाला कितीही बोचल्या तरी त्या करायचा हक्क आहे. सरकारला हात घालता येतो तो तिसऱ्या पायरीवर.

आपल्याला बोचतं तेव्हा

इथपर्यंत सगळ्या माना डोलवतील. खरी परीक्षा आपल्याला बोचतं तेव्हा असते. ऑगस्ट २०१६ मध्ये मुनिश्री तरुणसागरजी महाराजांचं हरियाणा विधानसभेत प्रवचन झालं. मुंबईचे संगीतकार विशाल ददलानी यांनी त्यावर टिंगल करणारं ट्वीट केलं, तहसीन पूनावाला यांनीही लिहिलं. आपला समाज दुखावला आणि दुखावणं साहजिक होतं. दिगंबरत्व म्हणजे काय, ते किती कठीण आहे, हे ठाऊक नसलेल्या माणसानं केलेली थट्टा काळजाला लागते. पोलिसांत गुन्हा दाखल झाला. ददलानींनी जाहीर माफी मागितली, महाराजांना जाऊन भेटले. महाराजांच्या मनात राग नव्हता. खटला मात्र चालूच राहिला. २०१९ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयानं गुन्हा रद्द केला, पण दोघांना प्रत्येकी दहा लाख रुपये भरायला सांगितले. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो भुर्दंडही रद्द केला. गुन्हाच घडला नसेल तर नीतीचे धडे द्यायला दंड करता येत नाही, असा त्याचा भाव होता.

मला हा निकाल योग्य वाटतो, हे मी जैन स्त्री म्हणूनच सांगते. ज्यांची थट्टा झाली ते मुनिराज क्षमेत होते आणि आपण श्रावक कोर्टाच्या तारखा मोजत होतो, हे काही बरं दिसत नाही. आणि व्यवहाराचंही बघा. भावना दुखावल्या म्हणून पोलीस बोलवायची वाट एकदा मोकळी झाली की तिच्यावरून सगळेच चालतात. आज आपण, उद्या कुणी आपल्यावर. २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयानं सल्लेखनेला आत्महत्या ठरवलं, तेव्हा देशभर आपला समाज मूक मोर्चे काढून रस्त्यावर आला. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. निकाल चुकीचा आहे हे आपण उघडपणे म्हणू शकलो ते याच स्वातंत्र्याच्या बळावर. संख्येनं मूठभर असलेल्या समाजाला हे स्वातंत्र्य इतरांपेक्षा जास्तच लागतं.

हक्क उसने घेणारे

आता सगळ्यात महत्त्वाचं. "हे माझं खासगी आहे" असं कोण म्हणतंय, ते आधी बघायला हवं.

सर्वोच्च न्यायालयानं १९९४ मध्येच यावर स्पष्ट सांगितलं आहे. तमिळनाडूतल्या ऑटो शंकर नावाच्या फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याची आत्मकथा 'नक्कीरन' हे साप्ताहिक छापणार होतं. त्यात काही अधिकाऱ्यांचे त्याच्याशी असलेले संबंध बाहेर येणार होते, म्हणून ते छापू नये असा दबाव आला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं. प्रत्येकाला आपलं घर, लग्न, मुलंबाळं, शिक्षण यांविषयी एकटं सोडलं जाण्याचा हक्क आहे, त्याच्या संमतीवाचून त्यावर लिहू नये. पण जे सरकारी दप्तरात उघड आहे त्यावर लिहिता येतं. त्यातही अत्याचार झालेल्या स्त्रीचं नाव छापायचं नाही. आणि अधिकाऱ्यांना त्यांच्या कामाबाबत हा पडदा ओढून घेता येत नाही. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमतानं सांगितलं, पण तो अमर्याद नाही हेही सांगितलं.

एवढी चांगली रेघ आखलेली असताना ती पुसट होते आहे, याची मला काळजी वाटते. महाराष्ट्रात माहितीच्या अधिकारासाठी अण्णा हजारेंनी उपोषणं केली, आणि केंद्राचा कायदा २००५ मध्ये येण्याआधीच राज्यानं आपला कायदा केला होता. केंद्राच्या कायद्यात खासगी माहितीला संरक्षण होतंच. सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा उगाच कुणाच्या खासगी आयुष्यात डोकावणं होत असेल, तर माहिती नाकारता येत होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं ही अट काढून टाकली. आता माहिती 'वैयक्तिक' आहे एवढं कारण नकाराला पुरतं. मोठ्या जनहितासाठी माहिती देता येते असं दुसरं कलम शिल्लक आहे, पण ते जनहित पटवून देण्यासाठी अपिलं करत फिरायचं सामान्य माणसानं. नव्या कायद्यातल्या आपल्या उपयोगाच्या बऱ्याचशा तरतुदी नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम निघाल्यापासून अठरा महिन्यांनी लागू होणार. माहिती अधिकारातला हा बदल मात्र लगेच लागू झाला. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीनं २०१८ मध्ये केलेल्या मसुद्यात पत्रकारांच्या कामाला सूट होती. अंतिम कायद्यात तीही राहिली नाही.

गावात याचा अर्थ काय होतो? घरकुल कुणाला मिळालं, रोजगार हमीच्या मस्टरवर कुणाची नावं आहेत, रेशन कुणाच्या नावावर उचललं जातं, ही सगळी माणसांची नावंच आहेत. 'वैयक्तिक' म्हणून ती झाकली, तर मेलेल्या माणसाच्या नावानं मजुरी उचलली गेली हे कळणार कसं? झोपडीत राहणाऱ्या बाईला घरकुल का मिळालं नाही आणि माडी असलेल्याला का मिळालं, हे ग्रामसभेत विचारायचं असेल तर यादी हवीच. त्या बाईचा आधार क्रमांक, बँक खातं, आजारपण यादीत नको. नाव आणि रक्कम हवी. इतका साधा फरक कायद्यात ठेवायला काय हरकत होती?

आणि एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. बोलणाऱ्यालाच खासगीपणाची गरज सगळ्यात जास्त असते. तळेगाव दाभाडे इथले माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी जमिनींचे गैरव्यवहार बाहेर काढत होते. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला निघाले असताना त्यांचा खून झाला. पुढे केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयानं माहिती मागणाऱ्यांचे तपशील संकेतस्थळावर टाकल्याचं प्रकरण साकेत गोखले यांनी मुंबई उच्च न्यायालयात नेलं. आपल्याला धमक्या आल्याची त्यांची तक्रार होती. नोव्हेंबर २०२० मध्ये न्यायालयानं त्यांना पंचवीस हजार रुपये द्यायला सांगितले. प्रश्न विचारणाऱ्याचा पत्ता उघडा आणि उत्तर देणाऱ्याचा कारभार झाकलेला, हे उलटं झालं. इथे खासगीपणा राखला तरच बोलणं टिकतं.

गर्दीचं बोलणं

सत्तेसारखीच गर्दीही हक्क उसने घेते. २०१८ च्या उन्हाळ्यात मुलं पळवणाऱ्या टोळीचे निरोप आणि व्हिडिओ आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर आले होते. त्यातला एक व्हिडिओ तर कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी केलेल्या जाहिरातीचा मधला तुकडा होता, शेवटचा खुलासा कापून टाकलेला. शास्त्रात 'कूटलेखक्रिया' म्हणतात, खोटा लेख तयार करणं, ते हेच. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजारात, मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठेचून मारलं. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी ती साधी माणसं होती.

त्यानंतर व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. सरकारनं २०२१ च्या नियमांत निरोप पहिल्यांदा कुणी पाठवला ते कंपनीनं सांगावं असं म्हटलं आणि कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. ऐकायला सरकारचं म्हणणं बरोबर वाटतं. पण एकाचा माग काढता यावा म्हणून सगळ्यांच्याच निरोपांना खूण करून ठेवावी लागेल. माहेरी लिहिलेलं दुःख, डॉक्टरांना विचारलेली शंका, सगळंच त्यात आलं. मारेकरी तर दिवसाढवळ्या बाजारात होते. त्यांना रोखणं, अफवा पसरताच दवंडी देऊन, भोंग्यावरून सांगून ती मोडणं, हे काम सगळ्यांची पत्रं न फोडताही करता येतं. त्यामुळे या बाबतीत मी खासगीपणाच्या बाजूनं आहे.

कुणी म्हणेल, मग दुखावलेल्या बाईनं एखाद्या प्रतिष्ठित माणसाचं नाव घेतलं तर ते त्याच्या खासगीपणावर आक्रमण नाही का? पत्रकार प्रिया रमाणी यांनी माजी मंत्री एम. जे. अकबर यांच्याविषयी लिहिलं, त्यांनी बदनामीचा खटला भरला आणि १७ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीच्या न्यायालयानं रमाणींना निर्दोष सोडलं. स्त्रीच्या सन्मानाची किंमत देऊन कुणाची अब्रू राखता येणार नाही, हा त्या निकालाचा गाभा. जे आपल्या अंगावर गुदरलं ते सांगायचा हक्क तिचा. तेच दुसऱ्यानं, तिला न विचारता, तिच्या नावानिशी सांगितलं तर मात्र ते रहोभ्याख्यान. शब्द तेच असले तरी ती गोष्ट कुणाची आहे यावर सगळं ठरतं.

आपल्या हातातलं

नव्या कायद्यात एक गोष्ट आहे जी आपण लक्षात ठेवायला हवी. कुणी स्वतःच्या घरगुती कारणासाठी दुसऱ्याची माहिती वापरली तर तो कायदा लागूच होत नाही. म्हणजे मावशी, आत्या, नणंदा-भावजयांच्या ग्रुपवर काय फिरतं, ते बघायला कुणी येणार नाही. येऊही नये. पण मग तिथे आपला विवेक तरी असायला हवा.

म्हणून माझ्या चार सूचना आहेत. परिचय पुस्तिकेत मुलीचा नंबर नको, पालकांचा एकच नंबर द्या, जन्मवेळ आणि घरचा पत्ता बोलणी पुढे गेल्यावर द्या. पुस्तिका काढणाऱ्या मंडळानं मुलीची स्वतःची लेखी संमती घ्यावी आणि लग्न जमल्यावर पान काढून टाकावं. कुणाच्या मुलीनं मनानं लग्न केलं, कुणाचा संसार मोडला, तर त्याचा फोटो आला तिथेच थांबवा, "हे पुढे पाठवू नका" एवढं ग्रुपवर लिहायला धीर लागतो, पण लिहा. आणि ग्रामसभेला जा. तिथे यादी वाचायला सांगा. नळाला पाणी आठ दिवसांनी का येतं, रस्त्याचे पैसे कुठे गेले, हे नाव घेऊन विचारा, लिहा, फोटो टाका.

आपल्याकडे नेमकं उलटं होतं. सरपंचाच्या लेकीच्या लग्नावर गाव दिवसभर बोलतं आणि सरपंचानं केलेल्या रस्त्याचा विषय निघाला की आवाज खाली येतो. लेकीचं लग्न हा तिचा प्रश्न आहे. रस्त्यावरून मात्र आपण सगळे चालतो.